तुळजामामीचा कोळी

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही, ज्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जातो त्या दोन मित्रांपाशीही नाही. मग तुमच्यापाशीच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता मला उलट विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून — पण कारणं शोधायला बसलो की मी नेहमी मूळ गोष्टीपासून दूर जातो. तेव्हा ते राहू दे.

मी पुण्यात आयुष्य काढलं, तरी मूळचा कुंभकोणम्‌चा. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची ती मराठी इथे पहिल्यांदा बोललो तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले होते. वाईट हेतूनं नव्हे — पण मी ती हळूहळू टाकली. हे लिहितो आहे ती मराठी इथे येऊन शिकलेली. मामांचं बोलणं मात्र मी बदलून लिहिणार नाही. त्यांचं तेवढं तरी जसंच्या तसं राहू दे.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. सेतुमाधवराव — वडिलांचे बालमित्र, आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहायचे. शाळेत चित्रकला शिकवत. त्यांची बायको तुळजाबाई, आमची तुळजामामी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला त्या घरात कधी पाहुण्यासारखं वाटलं नाही. मी शाळेतून आलो की आधी त्यांच्याकडे जायचो, मग घरी.

आता कोळ्याकडे येतो. कोळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जाळं येईल. मी ज्यांच्याबद्दल सांगतो आहे ते जाळं विणत नाहीत. ते फुलात बसून राहतात. पुढचे चार पाय लांब, खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, चालही तशीच तिरकी — म्हणून त्यांना खेकडा-कोळी म्हणतात. पांढऱ्या फुलात पांढरा, पिवळ्या फुलात पिवळा. मधमाशी येऊन बसली की ते पाय मिटतात, बस.

मामींच्या परसात विहिरीशेजारी तगरीचं झाड होतं. रोज सकाळी स्नान झालं की मामी पूजेसाठी फुलं काढायच्या, आणि प्रत्येक फूल तोडण्याआधी त्यात डोकावून बघायच्या. कोळी असला तर ते फूल तसंच ठेवायच्या. "देवाला दुसरें मिळेल, यास कुठें मिळेल?" असं म्हणायच्या. मामांना कोळी दाखवले ते मामींनीच. निवृत्त झाल्यावर मामा परसात स्टूल टाकून त्यांची चित्रं काढू लागले. चित्रं काढली की नावं हवीत. आणि नावांसाठी ते माझ्याकडे आले.

मी तेव्हा तिथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारा सहायक होतो. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. बेडकांच्या ताटल्या मांडायच्या, मुलांनी बिघडवलेल्या काचपट्ट्या पुन्हा तयार करायच्या, हे माझं काम. भारतातल्या कोळ्यांवरचा इंग्रज अमदानीतला एक जाडजूड ग्रंथ आमच्या ग्रंथालयात होता. तो मी मामांना आणून दिला. रविवारी दुपारी कॉलेजचा सूक्ष्मदर्शकही वापरू देऊ लागलो. दोन वर्षांत मामांना माझ्यापेक्षा जास्त कळू लागलं. हे मी आज सहज लिहितो. तेव्हा ते मला सहज वाटत नव्हतं.

मामांना नुसती नावं पुरत नसत. नाव कुणी ठेवलं, कसं ठेवलं, हेही त्यांना हवं असे. ते सांगायचे — आधी जो तिरका चालेल तो खेकडा, असं करून सगळे एकाच टोपलीत घातले होते. मग एकानं डोळे पाहिले: आठ डोळे, दोन ओळींत, ओळी कुठल्या बाजूला वाकतात ते. दुसऱ्यानं पाय मोजले, आणि ज्यांचे सगळे पाय सारखे त्यांना वेगळं काढलं. तिसऱ्यानं नखांखालचे केस पाहिले. चौथ्यानं सांगितलं की रंगावर जाऊ नका, मादीच्या पोटाखालची बारीक खूण पाहा, ती खोटं बोलत नाही. या माणसांत कुणी खेड्यातला पाद्री होता, कुणी डॉक्टर, कुणी कचेरीत सह्या करणारा अधिकारी. बहुतेकांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. इथून दारूच्या बाटल्यांत घालून कोळी जायचे, आणि ते तिकडे थंडीत बसून नावं ठेवायचे. मामा त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. अमका भांडकुदळ होता, तमका दुसऱ्याची चूक दाखवताना सुद्धा दोन गोड शब्द बोले.

आणि मग एका सकाळी मामींनी हाक मारली.

मी तिथेच होतो, ओट्यावर कॉफी पीत. मामी तगरीच्या झाडापाशी वाकून उभ्या होत्या, फुलाला हात न लावता. "अहो, हा आपल्यांतला नव्हे," त्या म्हणाल्या. आपल्यांतला! जणू बाकीच्या सगळ्यांना त्या नावानिशी ओळखत होत्या. ओळखतही असतील. मामांनी तो कोळी काचेखाली घेतला, तीन दिवस पाहिला, ग्रंथ उलटापालटा केला. पोटाच्या मागच्या टोकाला दोन उंचवटे, ते इतरांसारखेच. पण त्यांच्यामध्ये तीन काळे ठिपके होते आणि पुढच्या पायांच्या मांड्यांवर किंचित लाली. पोटाखालची खूण तर ग्रंथातल्या एकाही आकृतीशी जुळेना. पुढच्या आठवड्यात त्याच झाडावर आणखी एक मादी सापडली. तशीच.

मामी त्याच वर्षी पावसाळ्यानंतर विषमज्वरानं गेल्या. अठरा दिवसांत.

मामा दोन महिने परसात गेले नाहीत. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी माझ्याकडे आले आणि व्याकरणाचा प्रश्न विचारला. बाईच्या नावावरून कोळ्याला नाव द्यायचं, तर लॅटिनमध्ये शेवटी काय लागतं? मी पुस्तकात बघून सांगितलं — 'ए' लागतो, म्हणजे अमकीचा; आणि त्याआधी त्या कोळ्यांच्या घराण्याचं नाव, थोमिसस. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या षष्ठीसारखेंच कीं. थोमिसस तुळजाए. तुळजेचा." आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, "तुळजेचा."

आता मी त्या जागेपाशी आलो आहे. अजूनही वाटतं, मामींच्या हातच्या डांगर पच्चडीबद्दल दोन पानं लिहावीत. किंवा त्या वर्षी कावेरीला पाणी किती आलं होतं त्याबद्दल.

कुठलाही जीव नवीन आहे असं जाहीर करायचं तर आधी खात्री करावी लागते की तो दुसऱ्या कुणी, कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी भाषेत आधीच नोंदवलेला नाही. ती जुनी फ्रेंच, जर्मन नियतकालिकं कुंभकोणम्‌मध्ये कुठली असायला? ती मद्रासला होती. आंध्र वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं, त्या उन्हाळ्यात मी मद्रासला निघालो. मामांनी मला दोन माद्यांची बाटली दिली, चार रंगीत चित्रं दिली, आणि वळणदार अक्षरात अकरा प्रश्नांची यादी. स्टेशनवर जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, सोडायला आले. गाडी हलली तेव्हा बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "खिशांत नको, हातांत धर." मायवरम स्टेशनपर्यंत मी ती खरंच हातात धरून होतो.

मद्रासला पहिले दोन दिवस मी प्रामाणिकपणे काम केलं. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगतो. अकराही प्रश्नांची उत्तरं शोधली. धुळीनं हात काळे झाले. तो कोळी कुठेही नव्हता. कुणीही, कधीही त्याला पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी समुद्रावर गेलो तेव्हा मला मामांसाठी आनंद झाला होता. खराच झाला होता. तार करावी असंही मनात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी माझी एका प्राध्यापकांशी भेट ठरलेली होती. त्यांच्या हाताखाली संशोधनाला जागा मिळावी म्हणून मी वर्षभर पत्रं लिहीत होतो. त्यांनी माझे गुण पाहिले, सुस्कारा टाकला आणि विचारलं, सध्या काय करता? मी काय करत होतो? बेडकांच्या ताटल्या. सव्वीस वर्षांचा होतो आणि सांगण्यासारखं माझं असं काहीच नव्हतं. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर गेली. त्यांनी ती घेतली, उजेडात धरली, भिंग लावलं. बराच वेळ पाहत राहिले. चित्रं पाहिली. त्यांचा चेहरा बदलला.

"हे तुमचं काम?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो, सर."

दोन शब्द. त्यात मी घाबरलो होतो, गोंधळलो होतो, घाईत होतो असं काहीही नव्हतं. मला प्रश्न नीट कळला होता.

ते म्हणाले, वर्णन लिहून आणा, जुलैपासून या.

परतीच्या गाडीत मी ठरवत होतो की मामांना सगळं सांगायचं. ते रागावणार नाहीत, कदाचित दोघांच्या नावानं छापू असंही म्हणतील. खरंच म्हणाले असते. मग मी सांगितलं का नाही? — कारण दोघांच्या नावानं म्हटलं असतं तर प्राध्यापकांना कळलं असतं की मी आधी खोटं बोललो. एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही. पुष्कळ वर्षं शोधलं.

मामा ओट्यावर वाट पाहत बसले होते. मी पायऱ्या चढता चढताच म्हणालो, "मामा, त्याला नाव आहे. आधीच दिलेलं."

त्यांनी फक्त मान हलवली. उठून आत गेले, मला पाणी आणून दिलं. पितळेचं फुलपात्र होतं; मी ते रिकामं झाल्यावरही तोंडाला लावून बसलो होतो. मग ते म्हणाले, "बरवें झालें. कोणीतरी पाहिला होता म्हणावयाचा. नांव काय दिधलें?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. नाव असेल तर ते काय, हे ते विचारणारच! मी म्हणालो, सिंहलिकस. सिलोनमधून नमुना गेला होता. "कोणीं?" लाव्हाल, मी म्हणालो. एक फ्रेंच माणूस. तेव्हा फ्रेंचांकडे असलेल्या कारैक्कालला एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर मी ते आडनाव वाचलं होतं. सालही सांगितलं, अठराशे पंच्याऐंशी. मामांनी लगेच टाक काढला आणि चारही चित्रांखाली त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं — थोमिसस सिंहलिकस, लाव्हाल, १८८५. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होते. मी समोर बसून पाहत होतो.

मग त्यांनी स्वतःच ती बाटली आणि आपण लिहिलेलं बारा पानी वर्णन माझ्या हातात ठेवलं. "मग आमच्या लिहिण्याचें काय काम? तूं ठेव. मुलांस शिकवावयास होईल." मला चोरावंही लागलं नाही, बघा. त्यांनी दिलं. चित्रं तेवढी स्वतःकडे ठेवली.

मी मद्रासला गेलो. ते बारा पानी वर्णन इंग्रजीत केलं. शब्द इकडचे तिकडे केले असतील थोडे, बाकी सगळं त्यांचंच. चित्रं शाईनं पुन्हा काढली, वाईट काढली. पुढच्या वर्षी ते छापून आलं आणि त्या कोळ्याला मी माझ्या प्राध्यापकांचं नाव दिलं. तशी पद्धत असते. ते खूश झाले. ते भले गृहस्थ होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नावापुढे, नियमाप्रमाणे, नाव देणाऱ्याचं आडनाव लागलं. माझं. ते आजही आहे.

अधूनमधून घरी जायचो तेव्हा मामांना भेटावंच लागे. आणि ते लाव्हालबद्दल बोलत! त्यांनी त्याला मनात उभाच केला होता. लाव्हाल सिलोनला स्वतः गेला असेल का? त्याची चित्रं रंगीत होती का? तो चित्रकला शिकला असेल का कुठे? एकदा म्हणाले, "त्याचीही बाईल फुलें काढीत असेल, नाहीं तर पुरुषास हें दिसत नाहीं." मी हसलो. काय करणार होतो? त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. उजवा जवळजवळ गेलाच होता. ते माझा चेहरा पाहू शकत नव्हते, याचं मला बरं वाटत असे. हेही लिहून टाकतो.

महामहमाच्या, म्हणजे आमच्या गावी बारा वर्षांनी येणाऱ्या मोठ्या स्नानपर्वाच्या साली, गावातली गर्दी ओसरल्यावर, मी सुटीत घरी गेलो. मामांच्या मेहुणीची मुलगी अंबुजा तेव्हा त्यांना सांभाळायला येऊन राहिली होती. दुपारी मी त्यांच्यापाशी बसलो असता ते म्हणाले, "रघू, माझे डोळे आतां वाचावयाचे नव्हेत. लाव्हालानें काय लिहिलें तें तूं मद्रासेस पाहिलास कीं. एकदां वाचून दाखीव. मला ऐकावयाचें आहे."

मी म्हणालो, पुढच्या खेपेला आणतो. तर ते म्हणाले, पुढच्या खेपेस मी असेन असें नाहीं.

मी घरी जाऊन माझ्या पेटीतून माझाच छापील निबंध घेऊन आलो. दुसरं काय आणणार होतो? मनात म्हटलं, कोळी तोच, वर्णन तेच. त्यांना तेवढंच समाधान. बघा — त्या क्षणीही मी स्वतःला चांगला माणूस समजत होतो. इंग्रजी वाक्य पाहायचं आणि मराठीत सांगायचं, असं करत वाचू लागलो. डोळ्यांच्या ओळी, पाठीचा आकार, मधले तीन ठिपके. मामा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. चेहरा इतका शांत की मला वाचायचा हुरूप आला. आणि त्या हुरूपात मी पुढचं वाक्यही वाचून गेलो — पुढच्या पायांच्या मांड्यांवर फिकट लाली, सोललेल्या सांबार कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.

मामा हसले. "त्याच्या गांवींही सांबार कांदा होता म्हण."

मग हसू थांबलं. अंबुजा आत काहीतरी कुटत होती, तो आवाज येत होता. मामा डोळे न उघडताच बोलले, वर्गात बोलावं तसं, सावकाश.

"तुळजा असेंच म्हणाली होती. तिच्या हातांत कांदा होता त्या वेळीं. मींच लिहून घेतलें." मग पुढे म्हणाले, "दारूंत घातला कीं चौथ्या दिवशीं ती लाली जाते, रघू. पांढरा-करडा होतो. बाटलींत पाहणारास ती दिसावयाची नाहीं. ज्यानें झाडावर जिता पाहिला, त्यासच दिसेल."

पान माझ्या हातात होतं.

ते वाट पाहत होते. हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही तितकंच स्पष्ट आठवतं. त्यांनी मला अवधी दिला होता. घाई केली नाही, आवाज चढवला नाही, चेहरा माझ्याकडे वळवला सुद्धा नाही. मी एक वाक्य बोललो असतो तर — नाही, हे मी लिहीत नाही. मी बोललो नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पुरे रे. डोळे थकले."

वाचत होतो मी. त्यांचे डोळे मिटलेले होते.

अंबुजानं कॉफी आणली. मामांनी आपला पेला माझ्यापुढे सरकवला, नेहमीप्रमाणे; माझी कॉफी त्यांना नेहमी कमी वाटायची. मी ती प्यायलो. माझी अजून चार दिवस रजा होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मद्रासला परत गेलो. आईला सांगितलं, काम निघालं.

त्याच उन्हाळ्यात मामांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मद्रासला आणलं. अंबुजाचं कार्ड आलं. इस्पितळ माझ्या खोलीपासून ट्रामरस्त्यानं वीस मिनिटांवर असेल. ट्राम तेव्हा बंद झाल्या होत्या, पण आम्ही अंतर अजून तसंच मोजायचो. नऊ दिवस ते तिथे होते. सहाव्या दिवशी मी फाटकापर्यंत गेलो, संत्री घेऊन. पट्टी सुटली असेल, त्यांना आता दिसत असेल, असं मनात आलं. संत्री फाटकाशी बसलेल्या एका म्हातारीला दिली आणि परतलो. अंबुजाला लिहिलं, मला ताप होता.

मामा त्यानंतर वर्षभर होते. मला त्यांचं एकही पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही. वडिलांकडून त्यांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. आजूबाजूच्या लोकांना सांगितलं, एक ओळखीचे गेले. ओळखीचे!

दोन महिन्यांनी अंबुजानं पार्सल पाठवलं. मामांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की कोळ्यांची चित्रं रघूला द्यावीत, त्यालाच त्यांची पारख आहे. सत्तरेक चित्रं होती, मधे मधे पातळ कागद घालून ठेवलेली. प्रत्येकाखाली नाव, नाव देणाऱ्याचं नाव, साल. मी एकेक उलटत गेलो. त्या चार चित्रांखाली मात्र काही नव्हतं. शाई पात्यानं खरवडून काढली होती, फार काळजीनं, कागदाला भोक पडू न देता. तिथे दुसरं काही लिहिलंही नव्हतं. तुळजेचं नाव नाही. माझं नाही. नुसती खरखरीत झालेली जागा. शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्यानं थोडंफार दिसू लागलं होतं, असं अंबुजानं पत्रात लिहिलं होतं. त्या दिसण्याचं त्यांनी काय काय केलं असेल, मला ठाऊक नाही. हे एक केलं.

पार्सलात चिठ्ठी नव्हती. मी ते कागद झटकून पाहिले.

लोक म्हणतील, नाव बदलून घ्या. नाही बदलता येत. आमच्या शास्त्रात जे आधी छापलं गेलं तेच कायम. नाव देणाऱ्यानं कुणाकडून घेतलं, हा प्रश्न नियमांत नाही. मी उद्या सगळं कबूल केलं तरी त्या कोळ्याचं नाव प्राध्यापकांचंच राहील आणि त्यापुढे माझंच आडनाव. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. मद्रासला 'हो, सर' म्हणालो तेव्हाही माहीत होतं.

मी पुढे पुण्याला आलो, शिकवलं, कोळ्यांवर आणखी पुष्कळ लिहिलं. ते सगळं माझं स्वतःचं आहे, आणि बरंही आहे. पण मला ओळखतात ते त्या पहिल्या निबंधामुळे. त्यातलं वर्णन जिवंत आहे असं म्हणतात. एका परदेशी तज्ज्ञानं तर पत्र पाठवून त्या कांद्याच्या उपमेची तारीफ केली. मी आभाराचं उत्तर पाठवलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. हुशार मुलगी, खेकडा-कोळ्यांवरच काम करायचं म्हणत होती. तो निबंध तिनं पाठ केल्यासारखा वाचला होता. तिनं विचारलं, "सर, हा पहिल्यांदा कुणाला दिसला?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे विचारत, कुठे सापडला, कधी सापडला. कुणाला दिसला, असं तिनं विचारलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. ती मुलगी माझ्याबद्दल काहीही वाईट विचार करायला तयार नव्हती, आणि मला घाई नव्हती.

"मला," मी म्हणालो. "कुंभकोणम्‌ला. आमच्या परसात तगरीचं झाड होतं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.